बारा किलो सन्मान

आमच्या घरात एक काचेचं कपाट आहे. लोकांच्या कपाटात कपबश्या असतात, आमच्या कपाटात माझे सत्कार आहेत. दर वर्षी तीन डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन आला, की पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या संस्थेला माझी आठवण होते. बाकी वर्षभर मी फरहत मॅडम असते. सदाशिव पेठेत तळमजल्यावरच्या खोलीत दहावीच्या गणिताचे क्लास घेते, आणि चिडकी म्हणून प्रसिद्ध आहे. त्या एका दिवशी मात्र मी एकदम 'जिद्द' होते.

लहानपणी पोलिओ झाला. तेव्हापासून दोन्ही पायांना कॅलिपर आणि दोन्ही काखांत कुबड्या. आता, कुबड्यांवर उभ्या असलेल्या बाईचे दोन्ही हात कामात असतात, ही गोष्ट दिव्यांगांचे सत्कार करणाऱ्या माणसांच्या अजून लक्षात आलेली नाही. शाल खांद्यावर टाकतात, ती राहते. पण पाहुणे नारळ पुढे करतात, सन्मानचिन्ह पुढे करतात, मी त्यांच्याकडे बघते, ते माझ्याकडे बघतात, फोटोवाला ओरडतो, "मॅडम, हात पुढे!" मग कोणीतरी धावत येतं आणि माझ्या वतीने ते घेतं. घरातल्या एकूण एक फोटोत माझं सन्मानचिन्ह दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात आहे. एकात तर मंडपवाल्याच्या.

माझ्या अम्मीला, अख्तरबानूला, याचं काही वाटत नाही. दर जुम्म्याला ती ते कपाट उघडते, एकेक सन्मानचिन्ह मऊ फडक्याने पुसते आणि जागच्या जागी ठेवते. ज्या नातेवाइकांनी एके काळी अब्बांना "या पोरीचं पुढं काय करणार, अझीमभाई?" असं विचारलं होतं, ते घरी आले की अम्मी त्यांना आधी कपाट दाखवते आणि मग चहा देते. कपाटापुढे ते फार वेळ उभे राहिले नाहीत, तर चहात साखर कमी पडते. मी त्यावर कधी बोलले नाही. तिचा तेवढाच आनंद.

तर, फेब्रुवारीत श्यामसुंदर काकांचा फोन आला. हे निवृत्त बँक मॅनेजर. 'पंख-स्पंदन प्रतिष्ठान' नावाच्या संस्थेचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सूत्रसंचालक हेच.

"फरहतताई, यंदा आपण दिव्यांगांना आकाशात नेतोय!"

"जिवंतपणीच ना?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "ग्लायडर. म्हणजे इंजिन नसलेलं विमान. तुम्हाला कदाचित कल्पना नसेल—"

मला कल्पना नसेल! अहो, अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान रविवारी बंद असायचं. त्या दिवशी अब्बा मला सायकलच्या कॅरियरवर बसवून ग्लायडिंगच्या मैदानाच्या कुंपणापाशी घेऊन जायचे. आत सोडत नसत. आम्ही तारेच्या बाहेर उभे राहून शेंगदाणे खायचो आणि वर बघायचो. "अब्बा, इंजिन नाही तर ते पडत कसं नाही?" मी विचारायचे. अब्बा म्हणायचे, "ते चावी न देता चालणारं घड्याळ आहे. एक दिवस तुला त्यात बसवीन." मग अब्बा गेले. मी मोठी झाले, क्लास निघाला, स्वतःची चार चाकांची स्कूटर आली. कुंपण मात्र राहिलं ते राहिलंच.

काकांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. फक्त एक अट घातली. "मी पुढच्या सीटवर बसणार. दांडा माझ्या हातात पाहिजे. मागे बसून कोणीतरी फिरवून आणलं, असलं मला नको."

"तुम्ही चालवणार?"

"इतकी वर्षं तुमचे कार्यक्रम चालवून घेतेय, विमान का नाही चालवणार?"

खरं सांगते, थट्टा वरवरची होती. आयुष्यात एकदा तरी अशी एखादी गोष्ट माझ्या हाताने चालवायची होती, जिथे पायांना कोणी काही विचारणार नाही. दुसरं काही नको होतं.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. पत्रिकेत 'सोबत एक मदतनीस आणावा' असं होतं, म्हणून अम्मी आली. खरं म्हणजे ती मला थांबवायला आली होती. वारज्यातल्या आमच्या घरापासून मैदानापर्यंत माझ्या स्कूटरवर मागे बसून ती आलटून पालटून दुवा म्हणत होती आणि "हळू चालव" म्हणत होती. हे ती रोजच म्हणते. मी वीसच्या वर गेले की तिला मी विमानातच बसल्यासारखी वाटते.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या कुंपणाच्या आत शिरले. मैदान मोठं, गवत वाळलेलं, एका टोकाला पांढरंशुभ्र ग्लायडर पंख पसरून बसलेलं. आणि या टोकाला, अर्थातच, स्टेज. चार पायऱ्यांचं. आम्ही नऊ जण उडणार होतो. त्यातले तिघे व्हीलचेअरवर, बाकीचे कुबड्या नाहीतर जयपूर फूट लावलेले. चार पायऱ्या बघून खराडीच्या आयटी कंपनीतली तनया आपली व्हीलचेअर थांबवून म्हणाली, "वॉव. आकाशात जायची सोय आहे, स्टेजवर जायची नाही."

स्टेजवरच्या टेबलावर रिबीन बांधलेला एक भला मोठा खोका होता. सन्मानचिन्हं. काकांनी कौतुकाने रिबिनीखालून वरचं एक काढून दाखवलं. काळ्या ग्रॅनाइटचा चपटा चौकोनी तुकडा, वर पितळी पत्रा, त्यावर कोरलेलं: 'यशस्वी उड्डाणाबद्दल सन्मानपूर्वक', आणि खाली ज्याचं त्याचं नाव.

अम्मीने ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. "हा ओट्याचा दगड आहे. आमचा ओटा असाच आहे."

"प्रायोजकांचं मार्बल-ग्रॅनाइटचं दुकान आहे," काका म्हणाले. "वजनदार आहे की नाही?"

"वजनदार आहे," अम्मी म्हणाली. सन्मानचिन्हाच्या बाबतीत ती कोणालाही नाही म्हणत नाही. काकांनी खूश होऊन तिला खोक्यापाशी खुर्ची दिली. "तुम्हीच लक्ष ठेवा. पाहुणे आल्याशिवाय कोणी हात लावता कामा नये."

पाहुणे आलेच नव्हते. "निघालेत," असं काका दर थोड्या वेळाने जाहीर करत होते. पुण्यात 'निघालेत' म्हणजे आंघोळीला गेलेत.

ग्लायडर शिकवणाऱ्या हेमा मॅडम मात्र थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. पन्नाशीची बाई, बारीक कापलेले केस, आणि बोलणं असं की शब्द रेशनवर मिळतात. "दहा वाजता आकाश आमच्याकडून परत घेतात. मग मोठ्या विमानांची वेळ," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना सवड होईल तेव्हा येऊ देत. आधी सगळ्यांची वजनं."

वजनकाटा गवतावरच, एका फळीवर मांडला होता. मी कुबड्या सोडून, दोघा जणांचा हात धरून त्यावर उभी राहिले.

"कॅलिपर काढा," हेमा मॅडम म्हणाल्या. "पेडलमध्ये अडकतील. पेडल मी मागून सांभाळते, तुम्ही दांडा."

दांडा! त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला त्यांची पापी घ्यावीशी वाटली. कॅलिपर काढले, खुर्चीसकट काट्यावर बसले, मग खुर्ची वजा केली. त्रेचाळीस किलो.

हेमा मॅडमनी मान हलवली. "पुढच्या सीटला कमीत कमी पंचावन्न लागतात. पुढे वजन कमी पडलं, तर नाक वर जातं आणि मग ग्लायडर माझंही ऐकत नाही. बारा किलो कमी आहात."

शाळेत मला उचलून वर्गात नेणारा शिपाई रोज म्हणायचा, "काय जड आहेस गं!" रिक्षावाले कुबड्या बघून मीटर न टाकता निघून जायचे. नातेवाईक अब्बांच्या खांद्यावरच्या ओझ्याची चर्चा आमच्याच घरात, आमचाच चहा पीत करायचे. चव्वेचाळीस वर्षं मी जड होते. आणि ज्या एका ठिकाणी जड असण्याचा उपयोग होता, नेमक्या तिथे मी कमी भरले. घ्या!

"अल्लाची मर्जी," अम्मी खोक्यापाशी बसल्या बसल्या म्हणाली. इतक्या आनंदाने तिने अल्लाची मर्जी आजवर कधीच मान्य केली नव्हती.

"यावर काहीच इलाज नाही?" मी विचारलं.

"आहे. शिशाच्या पट्ट्या असतात, सीटखाली बसवायच्या. पण आमचं दुसरं ग्लायडर दुरुस्तीला गेलंय, त्याच्यातच राहून गेल्या."

"मग माती भरा की पोत्यात," कचरू म्हणाला. कचरू शहराबाहेरच्या गावचा. उसाच्या ट्रॉलीखाली एक पाय गेलेला, आता जयपूर फूट लावून शेती करतो. "माती काय, लई हाय."

"माती सांडते. एक खडा कंट्रोलमध्ये गेला तर सगळेच गेलो."

"पाण्याचे कॅन?" तनयाने विचारलं.

"पाणी हलतं."

"नारळ आहेत पंचवीस," श्यामसुंदर काका उदार होऊन म्हणाले.

"गडगडतात," हेमा मॅडम म्हणाल्या. "सपाट पाहिजे. जड, एकावर एक नीट बसणारं, घट्ट बांधता येईल असं. बघा मिळतंय का. तोवर बाकीच्यांना नेते. तुम्ही शेवटी."

मग उड्डाणं सुरू झाली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एक मोठं यंत्र होतं, ते तारेचा दोर गुंडाळायचं आणि ग्लायडर पतंगासारखं झपकन वर जायचं. आधी कचरू गेला. खाली आला तो ओरडतच, "मॅडम, माझं गाव पायपुसण्याएवढं हाय! सरपंच तर दिसलाच न्हाई!" मग तनया गेली. खाली आल्यावर म्हणाली, "ताई, लिटरली, वर कोणी मला 'काळजी घे' म्हटलं नाही."

मी सपाट आणि जड काहीतरी शोधत होते. मैदान झाडून स्वच्छ, एक दगड नाही. स्टेजच्या फळ्या मोठ्या. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. आणि मग अम्मी बसली होती तिकडे माझी नजर गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते काही खोटं नाही. नऊ सन्मानचिन्हं, प्रत्येक दीड किलोच्या आसपास. सपाट. एकावर एक बसणारी. मला गणित शिकवायचे पैसे उगाच मिळत नाहीत.

हेमा मॅडमनी एक तुकडा हातात घेऊन पाहिला. "चालेल."

"नाही चालणार," श्यामसुंदर काका म्हणाले.

"अहो काका, पंधरा मिनिटांसाठी हवीत. खाली आले की परत खोक्यात."

"फरहतताई, प्रश्न मिनिटांचा नाही, तत्त्वाचा आहे. यावर काय लिहिलंय? यशस्वी उड्डाणाबद्दल. तुमचं उड्डाण झालंय का? नाही. मग उड्डाणाआधी सन्मानचिन्ह तुमच्याकडे कसं देता येईल?"

"आणि ते दिल्याशिवाय माझं उड्डाण होत नाही, त्याचं काय?"

"ती तांत्रिक बाब झाली."

"आन् माझं तर झालं की उड्डाण," कचरू म्हणाला. "माझं द्या."

"पाहुणे आल्याशिवाय खोका उघडायचा नाही. पाहुण्यांच्या हस्ते काय द्यायचं मग? आणि तुमच्या त्या विमानात ओरखडे पडले तर?"

मी भडकले. वर्गात मुलं माझ्या ज्या आवाजाला घाबरतात, तो आवाज काढला. काही उपयोग झाला नाही. बँकेत तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसावर कुठलाही आवाज चालत नाही. इकडे ग्लायडर एकेकाला वर नेत होतं, आणत होतं. रांग संपत आली. हेमा मॅडम घड्याळ बघून माझ्याकडे बोट करून गेल्या: पुढची तुम्ही, नाहीतर संपलं. मला रडू यायला लागलं. हो, आलं. कुंपणाच्या आत येऊनसुद्धा मी शेंगदाणे खात बाहेरच उभी होते.

माझे डोळे बघून काकांना दया आली. तसा माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. ते वाकून, मऊ आवाजात म्हणाले, "फरहतताई, मनाला लावून घेऊ नका. उडायला नाही मिळालं म्हणून काय झालं? तुमचं सन्मानचिन्ह तुम्हाला मिळणारच. नाव कोरलंय!"

"न उडताच?" अम्मीने विचारलं.

ती घरात दखनी बोलते. पण भांडायचं असलं की म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेलं शुद्ध मराठी बाहेर काढते. हे ते मराठी होतं, पण अजून भांडणाचं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"न उडताच!" काका म्हणाले. "आपण भेदभाव करत नाही. त्या इथवर आल्या, हेच उड्डाण."

"मग यावर 'यशस्वी उड्डाणाबद्दल' लिहिलंय ते?"

"ते सगळ्यांवर सारखंच असतं हो."

अम्मीने खोक्याकडे पाहिलं. "मागच्या वर्षीचं मोठं सोनेरी, 'असामान्य कर्तृत्वाबद्दल', ते तुम्हीच दिलं होतंत ना?"

"आम्हीच, आम्हीच."

"कुठलं कर्तृत्व होतं ते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मलाही जाणून घ्यायचं होतं. गणितात नापास होणारी किती पोरं मी दर वर्षी शेंडी धरून काठावर आणते, ते काकांना ठाऊकही नव्हतं. त्यांना माझा विषय इंग्रजी वाटत होता.

"म्हणजे... एकूणच," काका म्हणाले.

"एकूणच," अम्मी म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. स्वतःबद्दल नाही, मला ते कपाट कधीच खरं वाटलं नव्हतं. पण अम्मीला वाटत होतं. इतके जुम्मे तिने फडकं मारलं होतं, इतक्या पाहुण्यांना उभं केलं होतं. तिच्या चेहऱ्यावर एकेक सन्मानचिन्ह पुसलं जाताना मला दिसत होतं, आणि मला काकांपेक्षा स्वतःचाच राग आला, की मी हे बोलणं सुरूच का होऊ दिलं.

मग अम्मी खुर्चीवरून उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश.

"असं करा," ती म्हणाली, आणि आता ते भांडणाचं मराठी होतं. "हिला न उडताच द्यायचं आहे ना? मग आत्ताच द्या."

"आत्ता? पण पाहुणे—"

"पाहुणे उड्डाणाचा सत्कार करायला येणार. हिचं तर उड्डाणच नाही, असं आपणच म्हणालात. मग हिच्यासाठी पाहुण्यांचं काय काम?"

काका खोक्यावरची रिबीन सारखी करायला लागले. पायथागोरस फळ्यावर सिद्ध करायला बोलावलेला मुलगा असाच आधी फळा पुसत बसतो.

"बाकीच्यांनी उडून दाखवलंय," अम्मी पुढे म्हणाली, "त्यांचं तर झालंच. म्हणजे ज्यांनी उड्डाण केलं त्यांनाही देणं आहे आणि जिने केलं नाही तिलाही देणं आहे. मग खोक्यात राहिलं काय?"

"बराबर हाय!" कचरू ओरडला.

"काका, पाहुण्यांचा फोटो मी नंतर एडिट करून टाकते," तनया म्हणाली. "प्रॉमिस. नऊही जणांसोबत."

काका "हे नियमात बसत नाही" असं काहीतरी पुटपुटत राहिले, पण त्यांना नेमका नियम सापडेना. तोवर अम्मीने रिबीन सोडलीसुद्धा. कापली नाही, गाठ सोडून, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. एकेकाचं नाव वाचून तिने आठ सन्मानचिन्हं आठ जणांच्या हातात दिली आणि नववं माझ्या मांडीवर ठेवलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांचे हात भरलेले होते. मग सगळ्यांनी ती वजनकाट्यावर एकावर एक रचली.

काटा बारा किलोंच्या थोडा वर गेला. हेमा मॅडमनी मान डोलावली. नारळाची गोणी रिकामी केली, सत्काराच्या शाली आत घातल्या, त्यांच्यात दगड असे बसवले की हलायला जागा नाही. अम्मीने गोणी सुतळीने आवळली. अब्बांच्या दुकानाची पार्सलं बांधून बांधून तिचा हात तयार झालेला. हेमा मॅडमनी गोणी सीटखाली ठेवली, वरून पट्टे ओढले, दोन्ही हातांनी हिसडून पाहिली, परत एकदा पाहिली. हलली नाही.

चौघांनी मला उचलून आत बसवलं. अम्मी शेजारी उभी. तिने माझ्या सीटची कड सोडली नव्हती.

"अम्मी, नको वाटत असेल तर सांग," मी म्हटलं. मी थांबले असते. कदाचित.

"आता कसलं नको? दगड मी बांधलेत." तिने माझी ओढणी पट्ट्याखाली नीट खोचली. "हळू चालव."

काच बंद झाली. दोर ताणला गेला, पाठ सीटला चिकटली, आणि जमीन कशी गेली ते कळलंच नाही. मग 'खट' असा आवाज आला. दोर सुटला. त्यानंतर फक्त वारा.

"दांडा तुमचा," मागून हेमा मॅडम म्हणाल्या.

मी पकडला. नाक एकदम खाली गेलं.

"कुबडी नाही ती. बोटांनी धरा."

मी बोटांनी धरला. जरासा डावीकडे कलवला, आणि ते एवढं मोठं धूड, पंखांसकट, हेमा मॅडमसकट, काकांच्या तत्त्वांसकट डावीकडे वळलं. मी वळवलं म्हणून वळलं! मी मोठ्याने हसले आणि त्याच वेळी रडले, आणि मागे बसलेल्या बाईने, देव तिचं भलं करो, एक अक्षर काढलं नाही. इतकी वर्षं मी मुलांना शिकवतेय, उंचावरून खाली बघणारा निरीक्षक, त्याच्या नजरेचा अवनत कोन. तो निरीक्षक मी पहिल्यांदाच झाले होते. खाली पांढऱ्या ओढणीचा एक ठिपका दिसत होता. तो माझ्याकडे तोंड करून जागच्या जागी गोल फिरत होता. मग मी ते कुंपण शोधलं, अब्बांची सायकल टेकायची ते. खूप शोधलं. वरून ते दिसतच नाही.

खाली आले तेव्हा पाहुणे आले होते. स्टेजवर उभे, समोर रिकामा खोका, शेजारी घामाघूम श्यामसुंदर काका. "ती सन्मानचिन्हं जरा काढून द्या," काका हेमा मॅडमना म्हणाले.

"गोणी राहू दे इथेच. पुढच्या वेळी कोणी हलकं आलं तर लागेल," हेमा मॅडम म्हणाल्या. "आमच्या पट्ट्या कधी येतील देव जाणे. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. कचरू तर म्हणाला, "माझ्या घरी दगडाला तोटा न्हाई." शेवटी पाहुण्यांनी भाषण केलं, मला नारळ पुढे केला, माझे दोन्ही हात कुबड्यांवर होते, तो नेहमीप्रमाणे दुसऱ्याच कोणीतरी घेतला. मग गोणीभोवती उभं राहून सगळ्यांचा एक फोटो काढला. माझं सन्मानचिन्ह कोणाच्याच हातात नाही, असा तो एकच फोटो आहे.

घरी येईपर्यंत अम्मी एकदाही "हळू चालव" सुद्धा म्हणाली नाही. मला वाटलं, कपाटाचंच मनात असणार.

संध्याकाळी बघते तर तिने कपाट उघडलेलं. जुम्मा नसताना. जमिनीवर चादर अंथरून सगळी सन्मानचिन्हं मांडली होती, आणि एकेक उचलून, बाजारात खरबूज घेताना बघतात तसं तळहातावर झेलून बघत होती.

"अम्मी, राहू दे ना," मी म्हटलं. "ठेव परत. मला काही वाटत नाही त्याचं."

"तुला नसेल वाटत, मला वाटतं." तिने एक उजवीकडे ठेवलं. "हे पितळेचं आहे. किलोभर भरेल." दुसरं डावीकडे. "हे फायबरचं. बेकार." मग 'असामान्य कर्तृत्व' उचललं, ते मोठं सोनेरी, कपाटात मधोमध असायचं ते. हातात घेऊन तिने बोटाने टकटक केली. आतून पोकळ. तिने ते डावीकडे ठेवलं, आणि तिचा हात त्याच्यावर थोडा वेळ तसाच राहिला.

"पुढच्या वेळी तू कोणाला नेणार आहेस?" तिने विचारलं.

"उम्मेहानीला. माझ्या क्लासमधली, व्हीलचेअरवरून येते ती. छत्तीस किलोची आहे."

"म्हणजे एकोणीस लागतील. गोणीत बारा आहेत. सात कमी." तिने उजवीकडच्या ढिगाकडे पाहिलं. "पाचच होतील हे."

गणित बरोबर होतं. मी तपासलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझ्या हातात कुबड्या, म्हणून अम्मीने उचलला. श्यामसुंदर काका. फोटोत सन्मानचिन्ह नाही म्हणून पाहुणे नाराज होते. म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा एकदा, हॉलमध्ये, रीतसर सत्कार. आणि या वेळी सन्मानचिन्ह अगदी हलकं, ॲक्रिलिकचं करतोय, ताईंना त्रास नको.

"येईल की, जरूर येईल," अम्मी म्हणाली. "पण हलकं नको हो. दगडाचंच द्या. दोन किलोचं जमेल?"

पलीकडून काका काहीतरी विचारत राहिले.

"नाही, नाही," अम्मी म्हणाली. "कपाटात ठेवायला नकोय. वापरायला हवंय."